नानांनी पंपाला अठ्ठावीस नंबर दिला

वहिनी, मृणाल बेटा, कारखान्यातले जुने-नवे सोबती, आणि शिंदे की छावनीतले सगळे शेजारी,

तुम्ही एवढे जण आलात. खुर्च्या संपल्या, मागे लोक भिंतीला टेकून उभे आहेत. नानांनी हे पाहिलं असतं तर संकोचाने अर्धे झाले असते. म्हणाले असते, "अरे, कशाला सगळ्यांचा रविवार घालवताय?"

मला बोलता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. माल विकायचा तर बोलावंच लागतं. पण आज सकाळपासून तीन वेळा मनात सुरुवात जुळवली आणि तिन्ही वेळा विसरलो. म्हणून हातात एक वस्तू घेऊन आलोय. म्हटलं, शब्द सुचले नाहीत तर निदान ही दाखवता येईल.

ही डबी बघा. तळहातात मावते. कारखान्यातल्या प्रत्येक मोठ्या मोटरला एक पहारेकरी असतो, त्याला आम्ही रिले म्हणतो. मोटरवर भार जास्त आला, एखादा फेज गेला, तर मोटर जळायच्या आत तो ती बंद करतो. त्या रिलेच्या कुशीत ही डबी बसते. पहारेकऱ्याला जे दिसतं, ते ही दोन तारांवरून लांब बसलेल्या माणसाला कळवते. बस. एवढंच काम.

अशा सतरा डब्या नानांनी बसवल्या. त्या त्यांना केवढ्याला पडल्या, ते मी जवळून पाहिलंय. पंधरा दिवस. डाव्या अंगठ्याचं नख. चष्म्याचा वाढलेला नंबर. देवासला भाचीचं लग्न होतं, त्या मंडपात मामाची जागा रिकामी. आणि सव्वीस वर्षं जपलेला एक मान, जो त्यांनी भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हाताने सोडला. बाकीचं बाजूला ठेवा. त्या शेवटच्या गोष्टीसाठी मी इथे उभा आहे.

ज्यांनी नानांना फक्त देवळात किंवा भाजीच्या ठेल्यावर पाहिलं, त्यांच्यासाठी सांगतो. केशवराव जाधव, आपले नाना, ग्वाल्हेर शहराबाहेरच्या तेलाच्या कारखान्यात विजेचे फोरमन होते. घराणं फौजेचं. स्वतःच म्हणायचे, "आजोबांनी तोफ ओढली, मी केबल ओढतो. घरात ओढाओढ चालूच आहे." शिक्षण दहावी, आणि वायरमनचा परवाना.

आणि मी गोविंद शेळके. माझी तर दहावीही नाही. बिर्ला नगरात गिरणीच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरणाऱ्या एका उस्तादाकडे मी हात काळे केले. मग स्वतःचं दुकान टाकलं, मग विजेची पॅनेल बनवायला लागलो. माझं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात, मला कळतं. हसू देत. शाळा नव्हती, पण देवाने कान दिले. मोटरचा दांडा हाताने फिरवा, मी डोळे मिटून सांगतो कुठली बेअरिंग गेली.

नानांची माझी ओळख त्या कानामुळेच. ते टेम्पोतून एक मोटर घेऊन माझ्या दुकानाशी आले. माझ्या माणसाने दांडा फिरवला, आणि मी गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणालो, "मागची बेअरिंग. ठेवून जा."

नाना खाली उतरले. म्हणाले, "डॉक्टर, पेशंटला हात तरी लावा."

"गरज नाही."

"लावा. माझं समाधान."

उघडली. मागचीच बेअरिंग निघाली. मी छाती फुगवून बघितलं, तर नाना म्हणतात, "कान झकास आहे तुझा, गोविंदा. आता फक्त उठायची सवय लाव."

पहिल्या भेटीत 'गोविंदा', पहिल्या भेटीत 'तू'. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि भाजी खायला आम्ही दोघं एकत्र. कधी मी त्यांच्याकडे, कधी ते माझ्याकडे. वहिनींना विचारा, किती पाट्या संपवल्या असतील.

आता मूळ गोष्ट.

नानांच्या कारखान्याला लागून दुसरा कारखाना होता, डबे आणि पाकिटं भरायचा. मधे एकच भिंत. मालक वेगळे, गणवेश वेगळे, चहासुद्धा वेगळा. मग एका मोठ्या कंपनीने दोन्ही विकत घेतले आणि भिंत पाडली. भिंत एका दिवसात पडली, पण माणसं कुठे एका दिवसात एक होतात? आमचे 'जुने', ते 'नवे'. नव्यांचे फोरमन सक्सेनाजी. आज समोर बसले आहेत. सक्सेनाजी, आप बुरा मत मानिए, आज सब सच बोलना है. या सक्सेनाजींचं पहिलं वाक्य काय होतं? "नानाजी, आपके यहाँ तो मशीनें भी पेंशन पर हैं."

नानांनी उत्तर दिलं, "हाँ, और पेंशन वाले ही घर चलाते हैं."

मुख्य कार्यालयातून एक मॅडम आल्या, तिवारी मॅडम. हुशार, बोलायला गोड, निर्णयाला कडक. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की आता एकच नियंत्रण कक्ष असेल. जुन्या भागाच्या सतरा आणि नव्या भागाच्या अकरा, मिळून अठ्ठावीस मोटरी एका पडद्यावर दिसायला हव्यात. कोणती चालू, कोणती किती करंट घेते, कोणती का बंद पडली, सगळं तिथे. नव्या भागात डब्या आधीच बसवलेल्या होत्या. जुन्या भागाला पंधरा दिवस. जुन्यांना जमलं तर ठीक. नाही जमलं तर जुन्या भागाचं विजेचं खातं बंद, ते काम बाहेरच्या कंत्राटदाराला, आणि तिथली नऊ माणसं दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात, ज्याला जायचं असेल त्याने जावं.

नऊ माणसं. कोणाची मुलगी बारावीला, कोणाची आई अंथरुणावर. नानांची स्वतःची नोकरी दीड वर्षच उरली होती. ते गप्प बसले असते तरी त्यांचं काही बिघडत नव्हतं.

आणि बाहेरचा कंत्राटदार कोण? तुमच्यासमोर उभा आहे. मॅडमनी माझ्याशी बोलून ठेवलं होतं. जुन्यांना जमलं नाही, तर काम शेळक्यांना.

नानांना हे कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पॅनेलच्या कारखान्यात हजर. हातात हीच डबी.

"गोविंदा, हे शिकव."

मी म्हणालो, "नाना, तुम्हाला ठाऊक आहे ना, हे तुम्हाला जमलं नाही तर कोणाला मिळणार आहे?"

"तुला."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या कोणाकडे जाऊ? शहरात हे काम येणारा तू एकटा. शिकवायचं तर नीट शिकव. फसवायचं असेल तर आत्ताच सांग, दुसरी वाट बघतो."

असा माणूस. ज्याला त्यांच्या हरण्यात फायदा, त्याच्याच दारात शिकायला. मला सांगा, तुमच्यापैकी कितीजण गेले असते? मी नसतो गेलो.

मी शिकवलं. डबी रिलेला कशी अडकवायची, तिला वेगळा वीजपुरवठा कसा द्यायचा, दोन तारांची वेणी एकीकडून दुसरीकडे कशी न्यायची, तारेवरची जाळी एकाच टोकाला का जमिनीशी जोडायची. नाना ऐकायचे, मग तेच मला परत सांगायचे. चुकलं तर पुन्हा. पण डबीसोबत आलेलं पुस्तक इंग्रजी, आणि तिथे माझेही हात टेकले. खरं सांगतो, मी ते पुस्तक कधी पूर्ण वाचलंच नव्हतं. माझं काम अंदाजाने चालायचं.

ते पुस्तक वाचलं वहिनींनी. लष्कर भागातल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या वहिनींनी. सकाळी पोळ्या झाल्या की ओट्याशी उभ्या राहून एकेक परिच्छेद वाचायच्या, मराठीत सांगायच्या, आणि नाना पेन्सिलीने कडेला लिहून घ्यायचे. एकदा मी तिथे होतो. नाना वैतागले होते, म्हणाले, "अठ्ठावीस डब्या, आणि तारा दोनच. कोण कधी बोलतं हे कळणार कसं?"

वहिनी म्हणाल्या, "हजेरीसारखं आहे हो. बाई नंबर पुकारतात. ज्याचा नंबर त्यानेच 'हजर' म्हणायचं, बाकीच्यांनी तोंड बंद. प्रत्येकीला वेगळा नंबर हवा, एवढंच."

"आणि दोघींचा नंबर एकच पडला तर?"

"दोघी एकदम ओरडतात, आणि बाईंना एकीचंही ऐकू येत नाही."

नानांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे पुस्तकवाल्यांनी आधी का नाही लिहिलं?"

वहिनी, तुम्ही त्या दिवशी मला एका वाक्यात जे समजावलंत, ते मला दहा वर्षांच्या धंद्यात समजलं नव्हतं. भाऊजी म्हणून आज जाहीर कबूल करतो.

नंबर द्यायची रीतही सांगतो, ऐकून ठेवा. डबीवर दोन छोट्या चकत्या असतात, एक दहांची, एक एककांची. बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या. एक घर पुढे गेलं की 'टिक' असा आवाज येतो. नवी डबी शून्य-शून्यवर येते. बारा नंबर हवा, तर पहिली चकती एकदा, दुसरी दोनदा. मॅडमनी एक कागद काढून दिला होता, कोणत्या मोटरला कोणता नंबर. नव्या भागाला एक ते अकरा. जुन्याला बारा ते अठ्ठावीस. तारेच्या अगदी टोकाला, सगळ्यात शेवटी, अठ्ठावीस नंबरला, बॉयलरला पाणी देणारा पंप.

आता कारखान्यातल्या लोकांना हा पंप माहीत आहे. बाकीच्यांना सांगतो. जुन्या भागात त्याला 'एक नंबर' म्हणत. नानांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतःच्या हाताने त्यावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते तशी तिथे मोटरींची व्हायची, आणि पहिला हार, पहिलं गंध त्या पंपाला. मग बाकीच्यांना. सव्वीस वर्षं हीच रीत.

नानांनी कामाला हात घातला, आणि मी त्यांना काम करताना बघितलं. तसं काम मी माझ्या माणसांकडून आजवर करून घेऊ शकलेलो नाही. पॅनेल बंद करायचे, मुख्य स्विचला कुलूप लावायचे, किल्ली शर्टाच्या खिशात टाकून वरून बटण लावायचे. मग टेस्टर आधी चालू तारेवर लावून बघायचे, मग बंद तारेवर, मग पुन्हा चालू तारेवर. मी म्हणालो, "नाना, तीन तीनदा?" म्हणाले, "मधेच टेस्टर मेला असेल तर? तुझ्या वहिनींना काय उत्तर द्यायचं?" अंगठ्याचं नख गेलं ते पॅनेलच्या दारात. सातव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आम्ही टाकलेली बारीक तार मोठ्या केबलच्या अंगाला अंग लावून जाते आहे. मी म्हणालो चालेल. वहिनींनी वाचलेलं कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, चालणार नाही. मोठ्या करंटची कुरबुर बारीक तारेत शिरते. नानांनी पूर्ण तार काढून हातभर लांबून नेली. मी चालेल म्हटलं होतं, ते चाललं नसतं.

तेराव्या दिवशी सकाळी सगळं जोडून झालं. नियंत्रण कक्षात आम्ही सगळे जमलो. नानांची नऊ माणसं, सक्सेनाजी, मॅडम, मी. पडदा उजळला. दोन नंबर हिरवा, तीन हिरवा, चार हिरवा. नाना मागे हात बांधून उभे. सत्तावीसपर्यंत हिरवे. अठ्ठावीसला उत्तर नाही. आणि एक नंबर, जो सक्सेनाजींच्या कंप्रेसरचा, तो येतोय, जातोय, येतोय, जातोय. मधेच काही तरी भलताच आकडा दाखवतोय.

सक्सेनाजी तापले. "कल तक हमारा कंप्रेसर बिल्कुल ठीक था! आप लोगों की लाइन जुड़ी और पागल हो गया!"

आमचा रामनरेश, नानांच्या नऊ जणांतला सगळ्यात तिखट, तो म्हणाला, "मशीन नई है न आपकी, शरमा रही होगी."

खुर्ची सरकली. आवाज चढले. मॅडमनी टेबलावर हात ठेवला. "मुझे झगड़ा नहीं, अट्ठाईस हरे चाहिए. परसों तक."

तेव्हा मी नानांना बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हणालो, "नाना, मी लिहून देतो की केबल खराब निघाली. कंपनीची केबल, आपला दोष नाही. मॅडमना आठ दिवस वाढवून द्यावेच लागतील. माझ्या अक्षराला तिथे किंमत आहे."

मला वाटलं, मी उपकार करतोय.

नाना म्हणाले, "केबल खराब आहे का?"

मी मान हलवली, नाही.

"नाही ना? मग तिच्यावर का घालतोस?"

आणि ते आत गेले. मित्रहो, यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. नानांनी मॅडमचा तो कागद मागून घेतला. चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ धरला, अठ्ठावीसच्या ओळीवर बोट ठेवलं. मग सगळ्यांकडे वळून हिंदीत म्हणाले, सक्सेनाजींनाही कळावं म्हणून, "गलती मेरी है. पंप को अट्ठाईस देना था. मैंने एक दिया है. सक्सेनाजी का कंप्रेसर ठीक है. दोनों एक साथ बोल रहे हैं."

मॅडमनी विचारलं, "आपने कागज़ नहीं देखा था?"

"देखा था, मैडम. हाथ ने नहीं देखा. छब्बीस साल का हाथ है."

बघा, नऊ माणसांचं पोट त्या क्षणी त्या एका वाक्यावर होतं. मॅडम म्हणू शकत होत्या, फोरमनला नंबर लावता येत नाही, बंद करा खातं. नानांना हे कळत नव्हतं का? माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. केबलवर ढकलता आलं असतं, सक्सेनाजींवर ढकलता आलं असतं, कागदावर ढकलता आलं असतं. सगळ्या वाटा उघड्या होत्या.

आणि आमची माणसं काय म्हणाली? रामनरेश पुढे आला. "नाना, आपण का बदलायचं? एक नंबर आपलाच आहे. त्यांनी बदलावा. आज नंबर सोडला तर उद्या सगळंच सोडावं लागेल." बाकीच्यांनी माना हलवल्या. तो अभिमान खोटा नव्हता. भिंत पडल्यापासून त्यांच्याकडचं सगळंच जात होतं, गणवेश गेला, कँटीन गेलं, गेटावरचं नाव गेलं. एक आकडा उरला होता.

सक्सेनाजी म्हणाले, "एक तो हमारा ही रहेगा, नानाजी. पहले से लगा है."

नानांनी रामनरेशच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, पंप पाणी देतो. नंबर कुठे देतो? तू बॉयलरला पाणी बघ."

आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून ते पंपाच्या पॅनेलकडे चालू लागले. सगळे मागून. पहिली चकती दोन घरं. दुसरी सात घरं, कारण एकवर ती आधीच होती. अठ्ठावीस. स्वतःच्या हाताने घातलेल्या त्या पांढऱ्या आकड्यासमोर उभं राहून.

परत आलो. पडदा तसाच! एक नंबर येतोय, जातोय. अठ्ठावीसला उत्तर नाही.

सक्सेनाजींनी हात हवेत फेकले. मलाही काही सुचेना. नाना मात्र पुस्तकाची पानं उलटत होते. पेन्सिलीची ओळ सापडली. वहिनींनी वाचलेली: नंबर बदलला तरी डबीला तो कळत नाही. तिची वीज काढून परत दिली की मगच ती चकत्यांकडे बघते. तोवर डोक्यात जुनाच नंबर. पण त्या डबीची वीज पंपाच्याच स्विचवरून आलेली, ती काढायची तर पंप थांबवायचा, आणि पंप थांबला तर बॉयलर कोरडा. म्हणजे आधी जोडीला ठेवलेला राखीव पंप चालू करून त्याच्यावर भार घ्यायचा. त्या जोडीच्या पंपाची झडप कुठे होती? भिंत पडल्यावर ती नव्या भागाच्या हद्दीत गेली होती.

नानांनी सक्सेनाजींकडे बघितलं. सक्सेनाजी म्हणाले, "चलिए."

दोघं गेले. पाऊण तासाने जोडीचा पंप लागला. मग नानांनी कुलूप, किल्ली, टेस्टर, सगळं तसंच तीनदा केलं. डबीची वीज काढली. मोठ्याने दहापर्यंत मोजलं. परत दिली. आणि नियंत्रण कक्षातून ओरडा आला. अठ्ठावीस हिरवा. एक हिरवा. दोन दिवस हातात ठेवून.

मॅडमनी अहवालात काय लिहिलं ते नानांनी मला दाखवलं होतं. जुन्या भागाचं विजेचं खातं कायम ठेवावं, आणि दोन्ही भागांच्या लाईनची जबाबदारी केशवराव जाधवांकडे द्यावी. नऊच्या नऊ माणसं राहिली. आज इथे सात बसली आहेत. हात वर करा रे. बघा. बघा, मंडळी. मी आयुष्यात शेकडो पॅनेल बनवली, पण असं काही बनवलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला सक्सेनाजींनीच विचारलं, हार कुठून सुरू करायचे? नाना म्हणाले, तुम्ही सांगाल तिथून. सक्सेनाजी म्हणाले, तो फिर पीछे से. अजूनही तिथे पूजा अठ्ठावीसपासून सुरू होते आणि उलटी चालते. नव्याने आलेल्यांना कारण माहीत नाही.

पुढे नाना निवृत्त झाले, पण कारखान्यातून फोन येतच राहिले. लाईन अडली की नाना. गेल्या महिन्यात कंपू भागातल्या दवाखान्यात खाटेवर पडलेले असताना त्यांनी फोनवर एकाला सांगितलं, "आधी नंबर बघ. मग तार बघ. मग दुसऱ्याला दोष दे." मृणाल म्हणाली, "बाबा, अब तो छोड़ दो." म्हणाले, "सोडतोय बेटा, हे एवढं सांगून सोडतो."

मला त्यांचा अभिमान आहे. दुःख आहेच, पण अभिमान त्याच्या वर बसलाय, तो हलायला तयार नाही. तुम्हीही घरी जाताना मान खाली घालून जाऊ नका. आपल्यात असा माणूस होता.

आता एक शेवटचं. तुमच्यापैकी पुष्कळांनी या कामाची गोष्ट माझ्या तोंडून आधी ऐकली आहे. दुकानात, लग्नात, रविवारच्या बेडईवर. मी ती अशी सांगत आलो की सगळे डोकं धरून बसले होते आणि गोविंद शेळक्याने नुसत्या कानाने दोष पकडला. ग्वाल्हेरात असा दुसरा कान नाही, असं मी म्हणायचो. नाना समोर असायचे. बेडई खात राहायचे. एकदाही खोडलं नाही. का नाही खोडलं, हे मी त्यांना विचारायचं राहून गेलं, आणि आता कोणाला विचारू?

म्हणून, वहिनी, तुमची आणि या सात जणांची माफी मागून, आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या. फोन बंद ठेवा, पंखेही बंद करा कोणी तरी. उभे राहण्याआधी मला एवढंच नोंदवू द्या. चौथ्या दिवशी नाना पंपाच्या डबीला नंबर देत होते तेव्हा मी त्यांच्या पाठीशी उभा होतो. अठ्ठावीसला दोन आणि आठ, दहा वेळा टिक यायला हवी होती. एकदाच आली. मी ती ऐकली, आणि चहा प्यायला निघून गेलो.